कॉलेजात नेतृत्वगुण खरंच कामाला येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षाचे प्रवेश उरकले की स्टाफरूमच्या दारात हे प्रश्न यायला लागतात. निम्मे विद्यार्थ्यांचे, निम्मे पालकांचे. उत्तरं महाराष्ट्रातल्या साध्या, अनुदानित किंवा विनाअनुदानित कॉलेजांना धरून दिली आहेत. आयआयटीसारख्या संस्थांचा उल्लेख गरजेपुरताच.

एका दमात सांगा: नेतृत्वगुण नसले तर कॉलेजात अडतं का?

पास व्हायला अडत नाही. चांगले मार्क मिळवायलाही अडत नाही. आमच्या गुणवत्ता यादीत दरवर्षी अशी मुलं असतात ज्यांनी तीन वर्षांत स्टेजवर पाऊल टाकलेलं नसतं, आणि त्यांचं काहीही बिघडलेलं नसतं.

अडतं ते दुसरीकडे. चौघांचा प्रोजेक्ट असतो, दोघं गायब असतात आणि गाइड सर विचारतात, ‘झालं किती?’ हॉस्टेलच्या मेसचं जेवण बिघडतं, सगळे कुरकुरतात आणि रेक्टरकडे कोण जाणार यावर सगळे बुटांकडे बघतात. स्कॉलरशिपचा अर्ज ऑफिसात अडकतो आणि काउंटरवर नेमकं काय विचारायचं ते सुचत नाही. इथे जो पुढे होतो आणि काम तडीला नेतो, त्याचं कॉलेज सोपं जातं. छातीवर बिल्ला असो वा नसो.

पण जीएस (विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी) झालेली मुलं पुढे यशस्वी होतात, असं म्हणतात ना?

काही होतात. राजकारणात तर बरीच. म्हणून पदामुळेच ती यशस्वी झाली असं ठरत नाही. ज्याच्यात धडाडी आणि घरचं पाठबळ आधीच असतं तोच पदासाठी उभा राहतो. नंतर यश मिळालं की श्रेय पदाला जातं. शिवाय जी मुलं जीएस झाली आणि वर्ष घालवून बसली, त्यांचे फोटो कुणी सत्काराच्या फ्लेक्सवर लावत नाही.

यावर अभ्यास झालेत का?

झालेत, बहुतेक परदेशातले. तरी चार गोष्टी आपल्याकडेही पटतात.

आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली स्वभाव आणि मार्क यांच्या संबंधांवरच्या ढीगभर अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. त्यात सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थी येतात. कॉलेजच्या पातळीवर मार्कांशी सगळ्यात ठळक नातं निघालं ते शिस्तीने, नेटाने काम करण्याच्या स्वभावाचं, आणि तेही बुद्धिमत्ता बाजूला ठेवून. बोलघेवडेपणाचं नातं जवळजवळ शून्य. सभा गाजवणारा मुलगा परीक्षा गाजवेलच असं नाही, हे स्टाफरूमला आधीच माहीत होतं. आता आकड्यांनीही सांगितलं.

२०१० साली मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी हजेरीबद्दलचे अभ्यास एकत्र केले. वर्गात बसणं हे कॉलेजातल्या मार्कांचं इतकं चांगलं निदान करतं की प्रवेश परीक्षेचे गुणही त्याच्या मागे पडतात. फेस्टच्या नावाखाली महिनाभर वर्ग बुडवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली मांडलेलं म्हणणं साधं आहे: विद्यार्थी कॉलेजात जेवढा जीव ओततो तेवढं कॉलेज त्याला देतं, आणि घरून येऊन तास करून घरी जाणारा गळण्याची शक्यता जास्त.

चौथे विल्यम सेडलॅसेक. मेरीलँड विद्यापीठात काम करताना त्यांनी परीक्षेत न दिसणारे आठ गुण मांडले. नेतृत्वाचा यशस्वी अनुभव त्यातला एक. ज्यांच्या घरात किंवा समाजात कॉलेजची वाट मळलेली नाही, त्यांच्या बाबतीत हे गुण विशेष महत्त्वाचे, असं त्यांचं म्हणणं. आणि नेतृत्व शाळा-कॉलेजच्या पदावरच मोजू नका, वस्तीत, घरात, प्रार्थनास्थळात मुलाने काय सांभाळलं तेही बघा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे गावच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी आणि हिशोब सांभाळणारी मुलं कॉलेजात आल्यावर स्वतःला ‘काहीच येत नाही’ म्हणतात, तेव्हा मला हा आग्रह आठवतो.

एकूणात, नेतृत्वाने थेट मार्क वाढतात असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. विद्यार्थी कॉलेजात टिकतो, रमतो, मदत मागायला शिकतो, हे मात्र म्हणता येतं. पहिल्या वर्षात सोडून जाणाऱ्यांचा विचार केला तर हे काही कमी नाही.

नेतृत्व म्हणजे नेमकं काय करायचं? भाषण करता आलं पाहिजे का?

भाषण आलं तर बरं. पण उदाहरण सबमिशनचं घेऊ, ते दर सेमिस्टरला घडतं.

मागच्या बाकावरून साठ गळे एकदम ओरडतात, ‘सर, पुढे ढकला ना!’ सर म्हणतात, नाही. विषय संपला. डिफॉल्टर यादी लागते, मग रडारड.

दुसऱ्या एखाद्या वर्गातली सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, तास संपल्यावर सरांच्या मागोमाग केबिनपर्यंत जाते. म्हणते, ‘सर, गुरुवारी तीन विषयांचं सबमिशन एकत्र आलंय. बी बॅचचं एक प्रॅक्टिकल सुट्टीत गेलं, त्यांची जर्नल्स पूर्ण होणार नाहीत. मंगळवारी दुपारी लॅब रिकामी आहे, लॅब असिस्टंट काकांना विचारलंय, ते थांबतील. मंगळवारी प्रॅक्टिकल घेतलंत तर शुक्रवारी सकाळी सगळी जर्नल्स रोल नंबरप्रमाणे लावून तुमच्या टेबलावर ठेवते.’ सर डायरी उघडतात. बहुतेक वेळा हो म्हणतात, कारण त्यांच्या डोक्याचा ताप तिने आधीच उचललेला असतो.

तिने काय केलं बघा. अडचण कुणाची आणि किती, हे मोजलं. सरांच्या बाजूने विचार केला. जो माणूस थांबणार होता त्याला आधी विचारलं. लॅब असिस्टंटना गृहीत धरणारे सीआर दुसऱ्यांदा त्यांच्याकडे जाऊ शकत नाहीत. आणि स्वतः एक शब्द दिला. शुक्रवारी जर्नल्स टेबलावर नसतील तर पुढच्या वेळी तिचं कुणी ऐकणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

मग मी सीआर होऊ का?

व्हा, पण डोळे उघडे ठेवून. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री बाराला वाजतो. ‘उद्या लेक्चर आहे का?’ हा प्रश्न तुम्ही उत्तर दिलेल्या मेसेजच्या खालीच पुन्हा येतो. शिक्षकांना वाटतं तुम्ही मुलांचे, मुलांना वाटतं तुम्ही शिक्षकांचे. मास बंक ठरला की पहिला फोन तुम्हाला येतो आणि दुसऱ्या दिवशी एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) केबिनमध्ये पहिलं बोलावणंही तुम्हालाच.

यातून शिकायला भरपूर मिळतं. पण ज्याचे दोन-तीन विषय आधीच राहिलेत, त्याने एक सेमिस्टर थांबावं. एटीकेटी घेऊन सीआरपण करणारी मुलं दोन्हीकडे तोंड लपवत फिरतात.

विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका आता होतात का?

याचा इतिहास मजेशीर आहे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेवर वर्गातून मागच्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी घेतला जायचा. बाकी खेळ, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, सांस्कृतिक अशा क्षेत्रांतून प्राचार्य नेमणूक करायचे. मारामाऱ्या थांबाव्यात हा हेतू. मात्र ज्या मुलीला लायब्ररीतून उठायचं नसायचं तीच परिषदेत, आणि ज्याला दहा कामं करायची हौस ती व्यक्ती बाहेर, असंही व्हायचं. मार्क आणि नेतृत्व एकच आहे असं गृहीत धरलं की असंच होणार.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद परत आणली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी, अशी रचना त्यात आहे. २०१९ साली निवडणुका जाहीरही झाल्या, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. तुमच्या कॉलेजात यंदा काय आहे, ते विद्यार्थी विकास कक्षात विचारा. कट्ट्यावरच्या बातमीवर जाऊ नका.

निवडणूक लढवायची असेल तर लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने त्या २००६ साली लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत. हजेरी ७५ टक्के किंवा विद्यापीठ ठरवेल तेवढी. लढवण्याच्या वर्षी विषय राहिलेले नकोत. पदवीच्या विद्यार्थ्याचं वय १७ ते २२. छापील पोस्टरांवर बंदी. म्हणजे नेता व्हायचं तर आधी वर्गात बसा आणि पास व्हा, ही अट न्यायालयाच्या दारातून आलेली आहे.

राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत जावं का?

तुमचा प्रश्न तुम्हीच सोडवा, १८ वर्षांचं माणूस मतदार असतं. माझं एवढंच मत: संघटनेत गेलात तर निवेदन कसं लिहावं, फीवाढीचा शासन निर्णय कसा वाचावा, कुलसचिवांच्या कार्यालयात पाठपुरावा कसा करावा, हे शिकून घ्या. नुसतं घोषणांना आणि बाइक रॅलीला माणूस लागतो म्हणून तुम्हाला बोलावत असतील, तर ते तुमचं पेट्रोल वापरताहेत. आणि अंगावर गुन्हा नोंद झाला की पासपोर्टला, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला तो आडवा येतो. तेव्हा ज्यांनी रॅलीला नेलं ते फोन उचलत नाहीत.

एनएसएस म्हणजे झाडं लावणं आणि फोटो काढणं. त्यातून काय शिकणार?

काही कॉलेजांत खरोखर तेवढंच होतं, त्याचा बचाव मी करणार नाही. पण योजना चांगली आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम आणि सात दिवसांचं निवासी विशेष शिबिर, हा तिचा सांगाडा.

खरी मजा त्या सात दिवसांत. गाव दत्तक घेतलेलं, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. भोजन समिती पहाटेच उठते, कारण शंभर मुलांचे पोहे वेळेत झाले नाहीत तर श्रमदान दुपारच्या उन्हात जातं.

वनराई बंधारा बांधताना बघण्यासारखं असतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत ओढ्यातली माती-वाळू, तोंडं सुतळीने शिवायची आणि ओळीने गोण्या पुढे सरकवायच्या. पहिला तासभर शहरातली चटपटीत मुलं हुकूम सोडतात, गोण्या एकावर एक सरळ रचतात आणि फटीतून पाणी निघून जातं. मग ओळीत गप्प उभा असलेला, वर्गात तोंड न उघडणारा शेतकऱ्याचा पोरगा पुढे येतो. वरच्या थरातली गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर आली पाहिजे, दोन थरांच्या मध्ये माती भरली पाहिजे, एवढंच सांगतो आणि दोन गोण्या स्वतः लावून दाखवतो. दुपारपर्यंत सगळे त्यालाच विचारत असतात, ‘आता कुठे?’ शिबिरानंतर तोच मुलगा वर्गात शंका विचारायला लागलेला मी पाहिलाय. मार्कशीटवर याची नोंद कुठेच होत नाही.

एनसीसीचा फायदा काय?

इथे फायदा कागदावरही दिसतो. ‘सी’ सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला किमान ५० टक्के असतील, तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीसाठी अर्ज करता येतो. त्यात सीडीएसची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा नसते, अर्जातून निवड झालेल्यांना थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाकडे, बोलावतात.

आणि एसएसबी ही अशी जागा आहे जिथे नेतृत्व खरोखर मोजलं जातं. पाच दिवस, अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण, गटात करायची कामं. फळी, दोर आणि पिंप देऊन अडथळा ओलांडायला सांगतात. आरडाओरडा करून सगळ्यांना मागे सारणारा उमेदवार तिथे हटकून मागे पडतो. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी) मुलं तयार करते. पण ती दहावीनंतरची वाट. पदवीच्या मुलांसाठी एनसीसी हाच सगळ्यात सरळ रस्ता.

याचे क्रेडिट मिळतात का?

हो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. त्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना सहशैक्षणिक विषय म्हणून क्रेडिट आहेत. शिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि सामाजिक सहभागाचे प्रकल्प. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, हा हिशोब लक्षात ठेवा. धोका असा की क्रेडिट मिळतं म्हटल्यावर वहीत तास भरण्याची कला मुलं फार लवकर शिकतात.

गॅदरिंग, फेस्ट, एकांकिका हा टाइमपासच नाही का?

तुम्ही काय करता त्यावर आहे. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो १९७१ पासून आणि सेंट झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून विद्यार्थीच चालवतात. प्रायोजक, सुरक्षा, वेळापत्रक, पाहुण्यांची राहण्याची सोय, सगळं. आपल्या तालुक्याच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन लहान असेल, पण मंडपवाला शेवटच्या क्षणी दर वाढवतो आणि साउंडवाला फोन उचलत नाही, हा धडा सगळीकडे एकच.

मला विचाराल तर सगळ्यात चांगली शाळा एकांकिकेची. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा पुण्यात १९६३ पासून होते. तालमीला एक जण उशिरा आला की दहा जणांची संध्याकाळ जाते. दिग्दर्शक तुमच्याच वर्गातला, त्याला धाक दाखवायला पगार नाही, मार्क नाहीत, काहीच नाही. तरी लोकांना वेळेवर आणायचंय. लाइट, संगीत, नेपथ्य बदलणारी मुलं कधीच पडद्यापुढे येत नाहीत आणि त्यांच्याविना पडदाच उघडत नाही. २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडकाच्या लायक ठरवलं नाही. महिनोन्महिने राबून असं ऐकणं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तालमीला उभं राहणं, हेही त्याच शाळेतलं.

पैशाबद्दल एक पोटसूचना, कारण गॅदरिंगनंतरची बहुतेक भांडणं तिथली असतात. रोख घेऊ नका. घ्यावीच लागली तर त्याच दिवशी पावती. प्रत्येक खर्चाला पक्कं बिल, दोघांच्या सह्या आणि कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत हिशोब ग्रुपवर. हिशोब न देणाऱ्याचं नाव पुढची दोन वर्षं निघतं, आणि चांगलं निघत नाही.

मी लाजाळू आहे. माझ्याने होईल?

वर पोरोपॅटचं सांगितलं ते पुन्हा वाचा. लाजणं आणि जबाबदारी टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी बोलणारी मुलं वेळापत्रक, हिशोब, नोट्स, संपादन, तांत्रिक बाजू उत्तम सांभाळतात. कॉलेजच्या वार्षिकांकाचं विद्यार्थी संपादकपद यासाठी फार चांगलं: माईक हातात घ्यावा लागत नाही, पण चाळीस जणांकडून वेळेत मजकूर काढावा लागतो. ते जमलं की तुम्हाला पुढारी म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही आणि गरजही पडणार नाही.

गावाकडून आलोय, इंग्रजी कच्चं आहे. इथली मुलं आधीच पुढे आहेत.

तुमच्यासाठी हे सगळं जास्त गरजेचं आहे, कारण ओळखीचं माणूस नसलेल्या शहरात काम हीच ओळख. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. आज राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत ही योजना आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात नोंदी करणं, बागकाम अशी कामं आणि तासावर मानधन. पैशाहून मोठा फायदा असा की कॉलेज आतून कसं चालतं ते कळतं. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जातो, हे कळलेला मुलगा महिन्याभरात होस्टेलच्या अर्ध्या मजल्याचा सल्लागार होतो.

इंग्रजीचं दडपण घेऊ नका, पण सोडूही नका. मराठीत बैठक चालवायला शिका. काय ठरलं ते शेवटी चार ओळींत इंग्रजीत लिहून ग्रुपवर टाका. वर्षभरात फरक पडतो.

मुलींना संधी मिळते का?

मिळते, आणि कुठली मिळते ते बघा. रांगोळी, स्वागत, ओवाळणी, सूत्रसंचालन मुलींकडे. पैसे, परवानग्या, मंडप, पोलीस ठाण्याचं पत्र मुलांकडे. वर्षानुवर्षं बिनविरोध चालतंय. सूत्रसंचालनात कमीपणा नाही, पण वाटाघाटी आणि हिशोब शिकायचा तर ते काम मागून घ्यावं लागतं. मागा. ‘रात्री उशीर होतो’ हे कारण पुढे येईल, आणि होस्टेलच्या वेळेमुळे ते खरंही असतं. त्यावर उपाय म्हणजे बैठकाच संध्याकाळी सहाच्या आत घेणं. रात्री अकराला कट्ट्यावर जे ठरतं त्यातलं बरंचसं सकाळी कुणालाच आठवत नाही, म्हणून मुलांचंही यात भलंच आहे.

हजेरीचं काय? ७५ टक्के कुठून आणू?

कार्यक्रमासाठी बुडालेल्या तासांचा अर्ज त्या-त्या वेळी, समन्वयकाच्या सहीने द्या. सेमिस्टरच्या शेवटी पंधरा अर्ज एकदम घेऊन आलात तर कुणीही वैतागेल. आणि हजेरी माफ झाली म्हणजे बुडलेला धडा आला असं होत नाही. ज्याची वही नेहमी पूर्ण असते अशा मैत्रिणीशी किंवा मित्राशी आधीच ठरवून ठेवा.

प्लेसमेंटमध्ये याचा उपयोग होतो का?

पहिल्या चाळणीत नाही. तिथे टक्के, सीजीपीए आणि लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) आहे की नाही, एवढंच. जीएस असलात तरी चाळणीखाली गेलात की गेलात.

मुलाखतीत मात्र होतो, सांगता आलं तर. ‘सांस्कृतिक समितीचा सदस्य’ हे रेझ्युमेवर लिहून काही कळत नाही. ‘चारशे जणांच्या जेवणाची कुपनं, केटररशी दर ठरवणं आणि हिशोब माझ्याकडे होता’ असं लिहिलंत की समोरचा विचारतो, ‘कुपनं कमी पडली तेव्हा काय केलं?’ खरं काम केलेल्याकडे याचं उत्तर असतं. न केलेला दुसऱ्या प्रश्नाला अडकतो. मुलाखत घेणाऱ्यांचा आवडता प्रश्न म्हणजे ‘गटातला एक जण कामच करत नव्हता, मग?’ यावर ‘आम्ही टीमवर्कने सोडवलं’ असं गुळमुळीत बोलू नका. त्याच्याशी काय बोललात, कोणतं काम त्याच्याकडून काढून घेतलंत, ते सांगा.

आयआयटी-एनआयटीच्या मुलांत ‘पीओआर’ (पोझिशन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे जबाबदारीची पदं) जमवण्याची शर्यत असते, ती हळूहळू आपल्याकडेही येतेय. सहा क्लबांची सहा पदं आणि एकातही धड काम नाही, असला रेझ्युमे वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

यूपीएससी, एमपीएससीला?

यूपीएससीच्या सविस्तर अर्जात शाळा-कॉलेजात भूषवलेल्या पदांसाठी रकाना असतो. मुलाखत २७५ गुणांची, एकूण २,०२५ पैकी. मुलाखतीत ज्या गोष्टी बघतात त्यांत समाजाला बरोबर घेऊन जाण्याची क्षमता आणि नेतृत्व यांचा उल्लेख आयोगच करतो. पण मुलाखतीपर्यंत पोचवतात ते लेखीचे १,७५० गुण.

अमेरिकेत शिकायला जायचंय. तिथे हे बघतात ना?

बारावीनंतर पदवीला जाणार असाल तर हो, बरंच. कॉमन ॲप या सामायिक अर्जात अभ्यासाबाहेरच्या दहा उपक्रमांची जागा असते. आपल्याकडच्या एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या प्रवेशात या गोष्टीला काही किंमत नाही, म्हणून आपली मुलं इथे गोंधळतात आणि कन्सल्टंट पैसे घेऊन एका रात्रीत एनजीओ उभी करून देतात. तसलं करू नका. घरचं दुकान सांभाळणं, लहान भावंडांचा अभ्यास घेणं, हेही त्या अर्जात उपक्रम म्हणून लिहिता येतं. पीएचडीसाठी जाणार असाल तर संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रं यांच्यापुढे पदांची यादी फिकी.

मी सकाळी नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात शिकतो. या सगळ्याला वेळच नाही.

मग स्वतःला मागे समजू नका. मेडिकलच्या दुकानात स्टॉक सांभाळणं, नव्या पोराला काम शिकवणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणं, हे कुठल्याही क्लबच्या उपाध्यक्षपदाहून वजनदार आहे. फक्त ते सांगायला लाजू नका.

आई-बाबा म्हणतात, आधी अभ्यास कर, पुढारीपणा नंतर.

निम्मं बरोबर आहे त्यांचं. वाद घालण्याऐवजी सेमिस्टरचा निकाल दाखवा. पालकांना माझी एक विनंती: मुलगी एनएसएसच्या शिबिराला जाते म्हणाली की लगेच नाही म्हणू नका. कार्यक्रम अधिकाऱ्यांचा नंबर घ्या, राहण्याची व्यवस्था विचारा, सोबत महिला शिक्षक आहेत का ते बघा. जमलं तर एक दिवस शिबिराला भेट द्या. पालक आले की गावकरी चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

शेवटच्या वर्षाला आहे. उशीर झाला का?

पदांसाठी झाला. कामासाठी नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हातात आहे. गटाची कामं वाटून घेणं, गाइडची भेट दर आठवड्याला ठरवणं आणि भेटीत काय ठरलं ते लिहून ठेवणं तुम्ही घ्या.

पद नको, पण एखादं काम करून बघायचंय. कुणाला विचारू?

एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, जिमखाना, ग्रंथपाल, वार्षिकांकाचे संपादक सर किंवा मॅडम. ‘काहीही सांगा, करतो’ असं म्हणू नका. तशा मुलांना खुर्च्या लावायला पाठवतात. मला एक्सेल येतं, पोस्टर करता येतं, मोडी वाचता येते, गाडी आहे, असं काहीतरी नेमकं सांगा. आणि ऑगस्ट उलटायच्या आत जा, समित्यांची नावं त्यानंतर नोटीस बोर्डावर लागलेली असतात.